मास्तरांचा रुमाल-कायदा

कोल्हापूर-मलकापूर गाडीवर तिकिटं फाडण्यात ज्याचा जन्म गेला, त्या माणसाला उतारवयात कॉम्प्युटरच्या ऑफिसात नेऊन बसवलं तर काय होईल? काही होत नाही. तो त्या ऑफिसची एसटी करतो. हंबीरराव खोतांनी नेमकं तेच केलं, आणि खोटं कशाला बोला, वर्षभर ती एसटी झकास चालली.

सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. शाळेशी त्यांचा संबंध दहावीपुरता, पण आमच्याकडं एसटीच्या कंडक्टरला मास्तरच म्हणतात. खाकी उतरली तरी मास्तरांची कडक इस्त्री उतरली नव्हती. समोर बसलेल्या माणसाशीसुद्धा ते पार मागच्या सीटवर ऐकू जाईल अशा आवाजात बोलायचे. रिटायर झाल्यावर घरी बसून बायकोच्या कामात चुका काढायला लागले, तेव्हा तिनंच म्हणे कुणाकुणाला सांगून त्यांना नोकरी लावून दिली. शहाणी बाई.

नोकरी होती कोल्हापुरात, एका दूध संघाच्या जनावरांच्या डॉक्टरांच्या केंद्रात, सुपरवायझरची. संघाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर उद्या सकाळी चार संचालक दारात गाडी लावतील आणि चहा पिता पिता माझ्याच म्हशीची चौकशी करतील. तर या केंद्रात दिवसभर गावोगावचे फोन यायचे. कुणाची गाय वैरण खाईना, कुणाच्या म्हशीला ताप. शहजाद आणि त्याच्या जोडीची दोघं फोन घ्यायची आणि कॉम्प्युटरवर एकाच फाइलीत नोंद करायची. मोना नावाची तरतरीत मुलगी ती फाइल वाचून डॉक्टरांच्या गाड्या पाठवायची. फाइल होती कोपऱ्यातल्या स्टुलावर ठेवलेल्या एका काळ्या डब्यात. त्याला सर्व्हर म्हणायचे. त्यावर एक हिरवा दिवा लुकलुकायचा आणि हिवाळ्यात डबा छान गरम लागायचा.

दुखणं असं होतं, की एकाच वेळी दोघांनी ती फाइल उघडली तर दोघांनाही वाटायचं, आपणच लिहितोय. शेवटी ज्यानं सेव्ह केलं त्याचं लिहिलेलं राहायचं आणि आधीच्याचं पुसून जायचं. ना आवाज, ना धूर. शहजादनं घातलेली गाय दहा मिनिटांत नाहीशी व्हायची आणि तिच्या जागी दुसऱ्याच गावचा बैल येऊन उभा राहायचा. शहजाद म्हणायचा, मी नोंद केलती. मोना म्हणायची, मग गेली कुठं, चरायला? एका पावण्यानं तर दोन दिवस डॉक्टरची वाट बघितली आणि मग आजारी म्हैस टेम्पोत घालून थेट ऑफिसच्या गेटला आणून बांधली. म्हणाला, "डाक्टर येत न्हाय व्हय? मग ही घ्या, म्हैसच आलीया."

मग कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या आदर्शला बोलावलं. शिवाजी पेठेतला पोरगा, हुशार. त्यानं तासभर खाटखुट करून सांगितलं, "ह्याला कुलूप न्हाई. एकानं फाइल उघडली की दुसऱ्याला ती बंद झाली पाहिजे. निदान, थांबा, आत माणूस हाय, असं तरी सांगितलं पाहिजे. हे सॉफ्टवेअर कुणी केलंय हो?"

सगळे छताकडं बघायला लागले. सॉफ्टवेअर संचालक विजयसिंह दादांच्या मेव्हण्यानं केलं होतं. विषय पुढच्या मीटिंगला घ्यायचा ठरला. तो अजून पुढच्याच मीटिंगला आहे.

आता इथं मास्तर उठले. म्हणाले, "आयला, एवढंच व्हय! आमच्या गाडीत जागा पन्नास आणि माणसं शंभर. तरी एका सीटवर दोघं बसलेत असं कधी झालं न्हाई. का? रुमाल!"

आणि तिथंच त्यांनी कायदा करून टाकला. ज्याला फाइलीत लिहायचंय त्यानं आपला रुमाल त्या काळ्या डब्यावर टाकायचा, मगच फाइल उघडायची. लिहून झालं, सेव्ह केलं, फाइल बंद केली, की रुमाल उचलायचा. डब्यावर रुमाल आहे तोवर दुसऱ्यानं फाइलीला हात लावायचा नाही. नुसतं वाचायचं असेल तर वाचावं, तो उभ्यानं प्रवास, त्याला रुमाल लागत नाही. आणि दुसऱ्याचा रुमाल उचलणं म्हणजे पाप. ज्याचा त्यानंच उचलायचा.

शेवटच्या कलमाला पुरावा म्हणून मास्तर एक गोष्ट सांगायचे. एकदा कोल्हापूर स्टँडवर कुणीतरी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली आणि चहाला गेला तो गेलाच. गाडी सुटली. एक म्हातारी, हातात गाठोडं, त्या रिकाम्या सीटपुढं उभी. म्हणाली, "लेकरा, बसू का रं?" मास्तर म्हणाले, "आजी, रुमाल हाय." बिचारी बांबवड्यापर्यंत उभी राहिली. रुमाल मात्र बसून मलकापूरला गेला आणि मास्तरांनी तो डेपोत जमा केला. ही गोष्ट ते फार अभिमानानं सांगायचे. ऐकणाऱ्याला म्हातारीची कीव यायची, पण मास्तरांना ती रुमालाची गोष्ट वाटायची.

हसू नका. कायदा लागू पडला! त्या दिवसापासून एक गाय हरवली नाही, एक म्हैस पुसली गेली नाही. आदर्श परत आला, डब्यावरचा रुमाल बघितला आणि म्हणाला, "मास्तर, नाद खुळा! मोठ्या कंपन्या ह्याच कामाला लाखभर रुपये घेत्यात." मास्तर आठवडाभर हवेत होते.

आता कायदा आला की पोटकायदे आले. मोनाकडं रुमाल नसायचा, तिनं गाडीवर तोंडाला बांधायचा स्कार्फ टाकला. स्कार्फ चालतो का यावर चहाच्या दोन फेऱ्या झाल्या आणि चालतो असं ठरलं. एकानं वर्तमानपत्र ठेवून बघितलं, ते मास्तरांनी उचलून फेकलं. काही बहाद्दर सकाळी येतानाच डब्यावर रुमाल टाकून नाश्त्याला जायला लागले. मास्तरांनी त्यांना दारातच पकडलं आणि अख्ख्या बसला ऐकू जाईल असं झापलं. शिस्त म्हणजे शिस्त. त्याच झपाट्यात त्यांनी आणखी एक नियम घातला. पूर्वी संचालकांचे नातेवाईक परस्पर मोनाला सांगून डॉक्टरची गाडी वळवायचे. मास्तर म्हणाले, "तोंडी तिकीट बंद. फाइलीत नोंद असंल तरच गाडी जाणार. माझा सख्खा भाऊ आला तरी."

भाऊ नव्हता त्यांना. बायको होती, तानाबाई.

तानाबाई मलकापूरच्या अलीकडं एका वाडीत असायची आणि मास्तर तिथून रोज एसटीनं येऊन-जाऊन करायचे. त्यांची एकुलती मुलगी अनुजा लग्न होऊन पुण्याला गेलेली. घरात दिवसभर तानाबाई आणि चांदी. चांदी म्हणजे म्हैस, कपाळावर पांढरा ठिपका असलेली. तिची आई व्याल्यावर आठवड्यातच मेली, तेव्हा तानाबाईनं बाटलीनं दूध पाजून तिला वाढवली. अनुजाला जेवढं बोलली नसेल तेवढं ही बाई त्या म्हशीशी बोलायची. आता चांदी पहिल्यांदा गाभण होती, दिवस भरत आले होते. तानाबाई रोज रात्री तिच्या पाठीवरनं हात फिरवत बसायची आणि मास्तर बाजूला बाजल्यावर बसून रुमाल-कायदा सांगायचे. आज कुणी मोडायला बघितला, आज कुणाला झापलं. ऐकून ऐकून तानाबाईला तो पाठ झाला होता. वाडीतल्या बायकांना ती पाणी भरताना सांगायची, "आमच्या ह्यांच्या हापिसात रुमाल असतोय. त्यो कुणी मधीच उचलला, की दुसऱ्याची म्हस पुसून जातीया." बायकांना काही कळायचं नाही, पण तानाबाईचा चेहरा बघून त्या माना डोलवायच्या.

तर तो दिवस.

सकाळी विजयसिंह दादा ऑफिसात आले. आपल्या गावची नावं आपल्या हातानं फाइलीत घालायची त्यांना हौस. मग संध्याकाळी गावात सांगता येतं, तुमची गाय मी घातली. त्यांनी आपला सुगंधी रेशमी रुमाल डब्यावर टाकला, केबिनमध्ये जाऊन फाइल उघडली, आणि तेवढ्यात तालमीतनं फोन आला. उद्या तालमीच्या टीमचा फुटबॉलचा सामना, आणि आज टीममध्ये भांडण. दादा उठले, केबिनचं दार ओढून घेतलं आणि गेले. रुमाल राहिला.

फोन यायचे थांबतात होय? शहजाद नावं कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून ठेवायला लागला. चिठ्ठ्या वाढल्या तसा तो कासावीस झाला. "मास्तर, लय फोन तुंबलेत. उचलू काय रुमाल? दादा काय लवकर येत न्हाईत."

"हात लावून बघ नुसता!" मास्तर गरजले. "आज दादांचा उचलशील, उद्या माझा उचलशील. मग त्या टेम्पोवाल्याची म्हस परत गेटला. ज्याचा त्यो उचलंल."

शहजाद परत चिठ्ठ्या लिहायला लागला. आणि अर्ध्या तासानं मास्तरांचा स्वतःचा मोबाइल वाजला.

"आवं," तानाबाईचा आवाज चिरका झाला होता, "चांदी अडलीया. सकाळधरनं कळा देतीया. एकच पाय बाहेर आलाय, दुसरा दिसंना. डाक्टर धाडा लवकर."

"धाडतो. घाबरू नको." मास्तरांनी फोन ठेवला आणि डब्याकडं बघितलं. रेशमी रुमाल तसाच.

आता बघा माणसाची गंमत. उठून मोनाला एवढंच सांगायचं होतं, 'पोरी, माझी म्हैस अडलीय, गाडी पाठव.' ती पळत गेली असती. सगळं ऑफिस पळालं असतं, शहजाद तर आधी. पण आत्ताच, सगळ्यांच्या देखत, त्याच शहजादला झापलेलं. वर तोंडी तिकीट बंद करणारेही आपणच. आता कुठल्या तोंडानं सांगायचं? मास्तरांनी दादांना फोन लावला. दादांनी तो कट केला. पुन्हा लावला, पुन्हा कट. तालमीतलं भांडण रंगात आलं असणार.

जेवायची वेळ झाली. सगळे डबे घेऊन मागच्या खोलीत गेले. शहजादनं हाक मारली, मास्तर म्हणाले, "व्हा पुढं, आलो." आणि खोलीत एकटे राहिले. एवढ्या वर्षांत ज्यानं दुसऱ्याच्या रुमालाला कधी बोट लावलं नाही, त्या माणसानं आधी दाराकडं बघितलं, मग खिडकीकडं बघितलं आणि रेशमी रुमाल उचलला. जणू तिकिटाच्या पेटीलाच हात घातलाय. फाइल उघडली. एका बोटानं टाइप केलं. खोत, वाडी, म्हैस अडलेली, तातडीचं. सेव्ह केलं, बंद केली. मग रुमाल होता तसा, त्याच घडीवर, परत ठेवला. शहजादच्या चिठ्ठ्या तिथंच टेबलावर पडल्या होत्या. त्या मास्तरांनी बघितल्या, आणि मुकाट्यानं जेवायला गेले.  

डबे धुवून होतायत तोवर दादा आले. तालमीतल्या भांडणानं डोकं फिरलेलं. तणतणत केबिनमध्ये गेले. तिथं सकाळी उघडलेली फाइल त्यांच्या कॉम्प्युटरवर तशीच उघडी होती, सकाळी होती तशी. तिच्यात त्यांनी आपल्या गावच्या दोन गायी घातल्या, सेव्ह केलं, बाहेर येऊन रुमाल उचलला, त्यानंच घाम पुसला आणि निघून गेले. शहजादनं झडप घालून आपला रुमाल टाकला आणि भराभरा सगळ्या चिठ्ठ्या चढवल्या. मोनानं फाइल वाचली आणि गाड्या सोडल्या. सगळं कसं कायद्यात झालं.

तिसऱ्या प्रहरी तानाबाईचा पुन्हा फोन. "गाडी कुठं हाय वो? चांदी बसलीया आता. उठंना झालीया."

समोर मोना बसली होती, म्हणून मास्तर फोन घेऊन बाहेर गेटपाशी गेले. तिथनं त्यांनी आवाज चढवला, "नंबर लागलाय म्हटलं न्हवं! मी सोता नोंद केलीया. रांगेनं येईल. धीर धर जरा."

तेव्हासुद्धा मोनाला विचारता आलं असतं. पण विचारलं तर ती विचारणार, मास्तर, नोंद कधी केलीत? दादांचा रुमाल होता न्हवं? तो प्रश्न मास्तरांना नको होता. ते आत येऊन खुर्चीत बसून राहिले, पायानं जमीन टोकरत.

शेवटी राहवेना, म्हणून सहज बघतोय असं दाखवत त्यांनी फाइल उघडली. वरनं खाली बघितली, खालनं वर बघितली. दादांच्या गावच्या दोन गायी होत्या. शहजादच्या सगळ्या चिठ्ठ्या होत्या, एक सुटली नव्हती. खोत नव्हते. म्हैस नव्हती. जिथं ती ओळ लिहिली होती तिथं कुणाचं तरी लंगडणारं खोंड उभं होतं. मास्तर अडाणी नव्हते. वर्षभर लोकांना जे ओरडून सांगितलं ते एका क्षणात त्यांनाच समजलं.

"मोना, मलकापूरकडची गाडी कुठं हाय?"

"बांबवड्यापर्यंत गेलती की मघाशी. पुढं कॉल न्हवताच आज, म्हणून परत बोलावली. एव्हाना पार अलीकडं वाघबीळला आली असंल."

बांबवडं. तिथनं वाडी हाकेवर.

"परत फिरव," मास्तर म्हणाले. "माझी म्हस अडलीया." आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज मागच्या सीटपर्यंत गेला नाही.

मोनानं फोन उचलला. शहजादनं मोटारसायकल काढली, मास्तरांना मागं बसवलं आणि मलकापूरचा रस्ता धरला. वाटेत एक शब्द विचारला नाही बिचाऱ्यानं. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं मास्तरांना वाघबीळच्या चढावर वाटलं.

वाडीत पोचले तेव्हा डॉक्टर गोठ्यासमोरच्या दगडी डोणीवर हात धूत होते. बायका जमल्या होत्या. चांदी उठून उभी होती, थरथरत, आणि मान वळवून वळवून मागं हुंगत होती. मागं पोत्यावर रेडकू होतं. त्याच्याही कपाळावर पांढरा ठिपका होता.

"म्हैस वाचली, मास्तर," डॉक्टर म्हणाले. "रेडकू आत गुदमरलं. दुपारी मी बांबवड्यातच होतो हो. एक फोन आला असता तर दहा मिनिटांत आलो असतो. नोंदच नव्हती ना."

तानाबाई चांदीच्या गळ्याला हात घालून उभी होती. ती ताडकन वळली. "नोंद नव्हती कशी? ह्यांनी सोता केलती नोंद. मला सांगितलंय की फोनवर. आमचा माणूस खोटं बोलत न्हाई." मग तिच्या ध्यानात आलं. रोज रात्री उगाच नव्हता ऐकला तिनं तो कायदा. तिचा आवाज चढला. "म्हंजे कुणीतरी मधीच रुमाल उचलला! पुसली माझी म्हस! बघितलंसा व्हय गं बायांनो, सांगत हुते न्हवं मी? नियम हाय म्हणून सांगत हुते न्हवं?"

"अगं, आत चल," मास्तर म्हणाले.

"न्हाई जायची आत! माझं लेकरू गेलं ते! कोण मुडदा हुता त्यो? एवढी काय आग लागलीती त्याला? सगळी गप बसत्यात आपापल्या पाळीला, आणि ह्याचंच घोडं पुढं! ज्या हातानं त्यो रुमाल उचलला त्या हाताला किडं पडतील त्याच्या. चांदीचा तळतळाट लागंल त्याला. त्याच्या घरात..."

मास्तरांचा उजवा हात खिशात होता. तो त्यांनी बाहेर काढला नाही. शहजाद जमिनीकडं बघत होता.

"ताना, बास," ते म्हणाले. "बास कर. नगं शिव्या देऊ त्याला."

तानाबाईनं पदरानं डोळे पुसले आणि नवऱ्याकडं असं बघितलं, की जणू ह्या माणसाला ती आज पहिल्यांदा बघतेय.

"का?" ती म्हणाली. "तुमचा कोण लागतोय त्यो?"